मोजणीत कमी भरलेला माणूस

जमीन हलली तेव्हा मी उपकेंद्रात बसून लसीकरणाचं रजिस्टर भरत होते. दुपारचे अडीच वाजले असतील. आधी ट्रेमधल्या कात्र्या-चिमटे खुळखुळले, मग कपाटाची काच, आणि बाहेर बांधलेल्या शेळ्या एकाच वेळी ओरडायला लागल्या. मी दारापर्यंत पोचले तोवर सगळं थांबलंही होतं. गावात दोन कुडाच्या भिंती कलल्या, एका म्हातारीच्या पायावर कौल पडलं. तिची जखम धुऊन, तपकिरी जंतुनाशक लावून मी पट्टी बांधली. त्या बाटलीचं सील मी त्याच दिवशी फोडलं, म्हणून ती मला नीट आठवते.

आमचं गाव नवापूर तालुक्यात, गुजरातच्या सरहद्दीला लागून. घरात आम्ही मावची बोलतो. इथलं बोलणं मी मराठीत लिहिते आहे. हद्दीपलीकडे, गाडीने दीड-दोन तासांवर, अणुवीज केंद्र आहे. गावातले आठ-दहा जण ठेकेदाराकडून तिथे कामाला जातात आणि त्याला नुसतं 'प्लांट' म्हणतात. माझा मोठा भाऊ त्यांच्यापैकीच एक. पाइपांना आणि लोखंडी जिन्यांना रंग मारायचं त्याचं काम. आठवडाभर तिकडे राहायचा, शनिवारी घरी यायचा.

जमीन हलली की माणूस पायाखाली बघतो. त्या दिवशी मात्र सगळं गाव पश्चिमेकडे बघत होतं. तासाभरात फोनवर निरोप फिरायला लागले. टाकी फुटली. वारा इकडेच आहे. पाणी भरून ठेवा. नाही, भरलेलं पाणी ओतून द्या. संध्याकाळी तालुक्याहून अधिकृत निरोप आला, की केंद्र सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. तो मी पारावर वाचून दाखवला. समोरचा एक म्हातारा म्हणाला, "काही झालं नाही, तर सांगायची घाई कशाला?"

मी लहान असताना आमच्याकडे कोंबड्यांची साथ आली होती. तेव्हाही आधी काळजीचं कारण नाही म्हणाले होते, आणि मग पांढऱ्या कपड्यांतली, तोंड झाकलेली माणसं घराघरांत शिरून कोंबड्या पोत्यांत भरून घेऊन गेली. त्या जिथे पुरल्या, ते खड्डे अजून गावाला माहीत आहेत. ती माणसं त्यांचं कामच करत होती, हे मला नर्सिंग शिकल्यावर कळलं. पण ते कपडे ज्यांनी अंगणात बघितले, त्यांना शिकवून काय सांगणार?

माझ्याकडे वही होती. काही महिन्यांपूर्वी नंदुरबारला आम्हा सिस्टरांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं, किरणोत्सर्गाचा धोका आला तर काय करायचं याचं. घरात जा, दारं-खिडक्या लावा, उघड्यावरचं खाऊ-पिऊ नका, सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. जेवणातलं मीठ किंवा जखमेवरचं औषध हे काही त्याला पर्याय नाही. आणि शेवटी लक्षणं. खूप किरणं लागली तर काही तासांत उलट्या सुरू होतात, केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. 'उलटी' आणि 'केस' या दोन शब्दांखाली मी तेव्हा रेघ मारून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उपकेंद्रात आली. "तुझा दादा आलाय," म्हणाली. "पण शेतातून आला. रस्त्याने नाही."

तो गुरुवार होता. मी रजिस्टर तसंच उघडं टाकून गेले. दादा घरामागे, गोठ्याच्या पलीकडे एका दगडावर बसला होता. डोक्याचा चकोट केलेला. अंगात कुणाचा तरी आखूड सदरा, पाठीवर टायरच्या दुकानाचं नाव. पिशवी नाही, डबा नाही.

"दादा, केस?"

"उकडत होतं."

"आणि कपडे?"

"भिजले."

काल पावसाचा एक थेंब नव्हता. इथेही नव्हता, तिकडेही नव्हता. मी प्लांटवरच्या बाकीच्यांशी फोनवर बोलले होते. तेवढ्यात माझी मुलगी मागून धावत आली. तेव्हा ती सात वर्षांची होती. मामा आला म्हणजे सोनगढची खारी आली, हे तिला ठाऊक. दादाने तिच्याकडे पंजा रोखून धरला. "तिथेच थांब," म्हणाला. "लांब बस."

आजवर त्याने तिला कधी लांब बस म्हटलं नव्हतं. मी पोरीचा हात धरला आणि शाळेला उशीर होईल असं सांगून तिला ओढतच घेऊन गेले. घरी आल्यावर तिचे हातपाय साबणाने धुतले. दोनदा. आणि तिला सांगितलं, "मामाला बरं नाही. तिकडे जायचं नाही."

तिकडून परतलेल्या बाकीच्यांना मी विचारलं. ते म्हणाले, भोंगा वाजला, सगळ्यांना मैदानात उभं केलं, मोजणी झाली आणि मग सोडलं. दादा? दादा मैदानात त्यांना दिसला नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं, तसं घरी बायकांनाही सांगितलं असणार. दुपारपर्यंत हातपंपावर वहिनीची कळशी दिसली, की दुसऱ्या कळश्या मागे सरकायला लागल्या होत्या.

वहिनीच्या दोन म्हशी होत्या. शहराकडून दुधाची गाडी यायची. त्या गाडीचा ड्रायव्हर खालच्या सपाट पट्टीतला, अहिराणी बोलणारा, हसरा माणूस. शुक्रवारी त्याने वहिनीची बरणी हातात घेतली, आजूबाजूला उभ्या बायकांकडे बघितलं आणि खाली ठेवली.

"का रे भाऊ?" मी विचारलं.

"ताई, मन्हा काय दोष?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "हाई दूध लिधं, तर बाकीन्या बाया दूध देवाव नहीत. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

वहिनी बरणी उचलून घरी गेली. ते दूध तिने रेडकांना पाजलं. मी त्यावेळी ड्रायव्हरशी भांडायला हवं होतं. मी सिस्टर, माझ्या शब्दाला गावात मान. पण मी गप्प राहिले, कारण माझ्या स्वतःच्या घरात वहिनीकडचं दूध दोन दिवसांपासून येत नव्हतं. मीच पाकिटातलं आणत होते.

त्याच दिवशी माझी तपकिरी बाटली नाहीशी झाली. म्हातारीची पट्टी बदलायला कपाट उघडलं, तर जागा रिकामी. उपकेंद्राची दुसरी किल्ली आमच्या आशा कार्यकर्तीकडे असायची. मी तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, मी हात नाही लावला. मी म्हटलं, मग बाटलीला पाय फुटले का? बाई साधी, वयाने माझ्याहून मोठी. पदर तोंडाला लावून निघून गेली. दिवसभरात मला प्रत्येक माणूस काहीतरी लपवतोय असंच वाटत होतं. तालुक्याचे साहेब लपवतात, दादा लपवतो, ही बाईही लपवते.

शनिवारी जीप आली. गुजरातची पाटी. दोन माणसं उतरली. एकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, दुसरा जीपमध्येच मांडीवर पिवळी पेटी घेऊन बसला. फोल्डरवाला उपकेंद्राच्या पायरीशी येऊन दादाचं नाव घेऊन विचारायला लागला. मी त्याची बहीण आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"कशाला हवाय तो?"

"आमच्या मोजणीत एक माणूस कमी भरतोय, सिस्टर. तीन दिवस झाले. फोन बंद आहे."

"सापडला तर काय करणार?"

"काही नाही. तपासायचं, सही घ्यायची."

तपासायचं. मी त्या पिवळ्या पेटीकडे बघत होते. प्रशिक्षणात किरणं मोजायचं यंत्र दाखवलं होतं, तेही पिवळंच होतं. रस्त्यापलीकडे बायका आणि म्हातारे गोळा झाले होते. ही माणसं दादाला घेऊन गेली, तर परत कधी सोडतील, सोडतील का, काहीच सांगता येत नव्हतं.

"तो इथे नाही," मी म्हटलं. "सुरतेला गेलाय म्हणतात."

सरकारी नोकरीत इतक्या वर्षांत मी कुणाला असं तोंडावर खोटं सांगितलं नव्हतं. त्या माणसाने कागदावर नंबर लिहून पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "आला तर सांगा, घाबरू नकोस म्हणावं." जीप वळताना दुसऱ्याने मांडीवरची पेटी उघडली. आत चपात्या होत्या. भूक लागली असणार. मला मात्र तेव्हा तेही नाटकच वाटलं.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला दादा आला नाही. दुपारी वहिनी स्वतःच धावत आली. "त्याला उलटी झाली. सकाळपासून तिसरी."

वहीतला तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी हिशेब लावत होते. बुधवारी जमीन हलली, आज रविवार. शिकवलं होतं तसं काही तासांत नाही, चार दिवसांनी. पण आधीही होत असतील, त्याने लपवल्या असतील. हातात मोजे चढवले, तोंडाला मास्क लावला. दारात पोचले तेव्हा दादाने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तशी का आले होते, ते त्याला बरोबर कळलं.

तो खाटेवर पोट दाबून पडला होता. खाली घमेल्यात त्याने ओकलं होतं. मी वाकले. पाण्यासारखं, पण तपकिरी. आणि वास. तो वास मला झोपेतही ओळखू येईल, इतक्या वर्षांचा माझ्या हातांना लागलेला. मी मास्क काढला. दादाचा उजवा हात ओढून बघितला. बोटांची टोकं पिवळट-तपकिरी.

"दादा, बाटली कुठंय?"

वहिनीने ती उशीखालून काढून दिली. निम्मी रिकामी होती.

"पीत होतास?"

"दोन-दोन चमचे. पाण्यातून," तो म्हणाला. "आयोडीन घेतलं की किरणं लागत नाहीत, असं फोनवर होतं. बाटलीवर तेच नाव लिहिलंय."

"अरे, ते जखमेवर लावायचं असतं! मला का नाही विचारलंस?"

"तू विचारू देत होतीस का? तू पोरीलाही इकडे फिरकू दिलं नाहीस." मग म्हणाला, "बरोबरच केलंस. माझ्या अंगावर आहे ते."

मग त्याने सांगितलं. घटाघटा पाणी पितात तसं एका दमात. त्या दुपारी तो बाहेरच्या आवारातल्या गोदामात पाइप रंगवत होता. जमीन हलली आणि छतावरून पांढरी भुकटी त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर पडली. भोंगा वाजला. कर्ण्यावरून कुणीतरी हिंदीत, गुजरातीत सांगत होतं, मैदानात जमा. तो निघालाही होता. तेवढ्यात समोरून चार माणसं इमारतीकडे जाताना दिसली. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, तोंडं झाकलेली.

"मला एकदम आपल्या कोंबड्याच दिसल्या," दादा म्हणाला. "वाटलं, आता अंगावर भुकटी बघतील आणि मला कोंडतील."

पाळी सुटलेल्या मजुरांच्या घोळक्यातून तो फाटकाबाहेर पडला. कालव्यात आंघोळ केली, कपडे पाण्यात सोडून दिले, ओळखीच्या टायरवाल्याकडून सदरा घेतला, न्हाव्याकडून डोकं साफ करून घेतलं. न्हाव्याला सांगितलं, घरी कुणी वारलंय. आणि शुक्रवारी मी गावात फिरतीवर असताना, खिडकीतून हात घालून कपाटातली बाटली काढली. कपाट खिडकीच्या बाजूलाच, हात पोचेल इतक्या जवळ होतं, आणि त्याला कुलूप नव्हतं. आशा कार्यकर्तीच्या घरी मी त्याच रविवारी संध्याकाळी जाऊन माफी मागितली. तिने पाणी दिलं, पण बसायला सांगितलं नाही.

त्याला नवापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, सलाइन लावलं, बाटली हातात घेऊन मान हलवली. "याने पोट जळलंय, हे मी सांगू शकतो," ते म्हणाले. "भुकटी कसली होती, ते इथून नाही सांगता येणार. ते तिथेच मोजावं लागेल."

दादा म्हणाला, मी जाणार नाही. मी पायरीवरचा तो कागद पर्समध्ये ठेवला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून नंबर लावला. मी कोण, काय, सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही सांगितलं. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "जिवंत आहे ना?" आणि मग त्या माणसाने एवढा मोठा श्वास सोडला, की मला फोनवर ऐकू आला. चार दिवस तो एका माणसाला शोधत होता. त्याला मी चोर समजले होते.

मी सोबत येते म्हटल्यावर दादा तयार झाला, आणि मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मी, दादा आणि वहिनी. वहिनीला नको म्हटलं होतं, ती ऐकली नाही. फाटकाजवळच्या आरोग्य केंद्रात एक तरुण बाई होती. आमच्या तोंडांकडे बघून ती आधी माझ्याकडे वळली. "पहिल्यांदा तुम्ही या, सिस्टर." एक चौकट होती, आत उभं राहायचं, हातापायांचे पंजे खाचांत ठेवायचे. दोन मिनिटंही लागली नसतील. यंत्र मला काहीही म्हणालं असतं, तरी त्या वेळी मी खरं मानलं असतं. हिरवा दिवा लागला. मग वहिनी. मग दादा. त्याला नंतर शरीराच्या आतली किरणं मोजणाऱ्या एका खुर्चीतही बराच वेळ बसवलं, लघवी तपासायला घेतली.

काही निघालं नाही. गोदामाच्या छताला चुन्याचा गिलावा होता. तोच पडला होता. त्यातला तुकडाही त्यांनी मोजून दाखवला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दर हादऱ्यानंतर आत जाऊन तपासणी करतात, आणि आतली धूळ अंगाला चिकटून बाहेर येऊ नये म्हणून ते कपडे असतात, असं बाईंनी सांगितलं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यंत्र तुमचंच ना?"

मी शरमले. बाई मात्र रागावली नाही. "आमचंच," ती म्हणाली. "पण तुम्ही मैदानात आला असतात, तर हे सगळं त्याच दिवशी अर्ध्या तासात झालं असतं. आणि खरंच अंगावर काही असतं, तर ते तुम्ही कालव्यात सोडलं असतं. घरी नेलं असतं."

दादा बाहेर पडताना पुन्हा एकदा त्या चौकटीकडे वळून बघत होता.

त्यांनी दिलेला तपासणीचा कागद इंग्रजीत होता. वहिनीने तो नवापुरात लॅमिनेट करून घेतला. गुरुवारी दुधाच्या गाडीपुढे तिने तो धरला. ड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी बघितला, शिक्का कुठे आहे ते बघितलं आणि म्हणाला, "शिक्का शे ना, मंग झाये." बरणी घेतली. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, शिक्का काय, बाजारात मिळतो. पण कळश्या हळूहळू पुढे सरकल्या. महिना लागला.

माझ्या घरात मात्र ते एवढं सरळ झालं नाही. मी स्वतः चौकटीत उभी राहून आले होते. तो तुकडा मोजताना डोळ्यांनी बघितला होता. तरी पोरगी मामाकडे निघाली, की माझ्या तोंडून निघायचं, "अभ्यास झाला का?" दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा दादाच दारात आला.

"तुझा कागदावर विश्वास आहे का?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग अभ्यास नंतर होईल."

मी पोरीला चपला घालायला सांगितलं. ती त्याच्या खांद्यावर बसून गेली. एवढी मोठी झालेली, तरी त्याने तिला उचललं. मी दारात उभी राहून रडले. मोजे आणि मास्क घालून सख्ख्या भावाच्या दारात उभी राहिले होते, ते मला कधीच विसरता येणार नव्हतं. त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. वहिनीने काढला. एकदाच, भांडणात, आणि मी ऐकून घेतलं.

काही महिने दादा इथल्याच रस्त्याच्या कामावर होता. मग फोल्डरवाल्याचा फोन आला, काम आहे, येतोस का. तो जाईल असं मला वाटलं नव्हतं. तो गेला. जायच्या आधी त्याने माझ्या वहीतलं सगळं मला वाचून दाखवायला लावलं, रेघ मारलेले शब्दही. आता त्याचं काम आतल्या इमारतीत असतं. तिथे प्रत्येकाला छातीवर बॅज असतो, किती किरणं लागली ते त्यावर मोजतात. बाकीचे बॅज लावतात आणि विसरतात. दादा आकडा विचारतो. साहेब म्हणतात, काही असतं तर आम्हीच बोलावलं असतं. तो म्हणतो, ते खरं, पण आकडा सांगा. मग आकडा घरी फोन करून मला सांगतो, मी तो वहीत लिहिते. आजवर एकही असा आला नाही, की ज्याने झोप उडावी.

परवा त्याचा फोन आला, तेव्हा आवाज चढलेला होता.

"या वेळी आकडा नाही दाखवला. म्हणे साहेब सुट्टीवर आहेत."

"असतील सुट्टीवर, दादा."

"असतील," तो म्हणाला. "सोमवारी येणार आहेत. सोमवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभा आहे."